दायमाबादची दंडगोल मुद्रा

चिंचवडच्या मोरया गोसावींच्या वंशातील देव घराण्याला सुलतानी अमलापासून पेशवाईअखेरपर्यंत निरनिराळ्या सत्तांकडून जी इनामे आणि ज्या सनदा मिळाल्या, त्या काळचे कागद ज्याने एकदा लक्षपूर्वक न्याहाळले आहेत, त्याची दृष्टी मजकुराच्या आधी मोहरेकडे वळते. मराठी दफ्तरात पत्राच्या माथ्यावर मुख्य मुद्रा आणि मजकूर संपेल तेथे मोर्तबाची लहान मुद्रा उठविण्याची चाल होती. माथ्यावरच्या मुद्रेने आज्ञा कोणाची हे ठरे, आणि शेवटच्या मोर्तबाने त्या आज्ञेखाली मागाहून कोणा कारकुनाला एक ओळही घुसडता येऊ नये याचा बंदोबस्त होई. पवना आणि इंद्रायणी यांच्या दुआबातील हा मुलूख, ज्यात आज कारखान्यांच्या भोंग्यांवर दिवसाचे प्रहर मोजले जातात, तो अशा रीतीने मुद्रेचे महत्त्व शतकानुशतके जाणून होता. परंतु या महाराष्ट्रभूमीत मुद्रेचा इतिहास शिवछत्रपतींच्या अष्टकोनी मुद्रेपासून, किंवा त्यापूर्वीच्या सातवाहन-राष्ट्रकूटांपासूनही सुरू होत नाही. तो त्याहून पुष्कळ मागे, जेव्हा येथे अक्षर लिहिणारा एकही माणूस नव्हता अशा काळात, अहमदनगर म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील प्रवरेच्या डाव्या तीरावर दायमाबाद नावाच्या एका उजाड गावाच्या पांढरीत जाऊन पोचतो, हे येथे सांगावयाचे आहे.

दायमाबादला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने केलेल्या उत्खननात, ताम्रपाषाणयुगीन जोर्वे संस्कृतीच्या थरात, भाजलेल्या मातीची एक दंडगोल मुद्रा सापडली. तिच्या अंगावर गाडीचे दृश्य कोरलेले आहे आणि गाडीला जुंपलेले जनावर घोडा आहे असे उत्खननकर्त्यांचे मत आहे. ही मुद्रा चपटी नाही आणि शिक्क्यासारखी दाबून उठवावयाची नाही. ती ओल्या मातीवरून लाटण्यासारखी फिरवावयाची आहे. हा आकार आपल्याकडचा नव्हे. हडप्पा संस्कृतीच्या शेकडो मुद्रा चौकोनी आहेत, एकशिंगी पशू आणि त्याच्या माथ्यावर चार-पाच अक्षरे असा त्यांचा ठरलेला घाट आहे, आणि त्या दाबून उठवावयाच्या आहेत. दंडगोल मुद्रा ही मुळात तैग्रीस-युफ्रेटीसच्या प्रदेशातील वस्तू होय. म्हणून प्रवरेकाठच्या या लहानशा मातीच्या गोलकाचा अर्थ लावावयाचा तर आधी त्या दूरच्या मुलखात जाऊन यावे लागते.

इराकच्या दक्षिणेस उरुक या नगरात इसवी सनापूर्वी ३५०० च्या सुमारास दंडगोल मुद्रा प्रथम प्रचारात आल्या. चुनखडी, संगमरवर, सर्पिल, पुढे बाबिलोनी काळात लोखंडी झाकेचा काळा हेमाटाइट, आणि श्रीमंतांसाठी बदख्शानहून आलेला लाजवर्द, अशा नाना पाषाणांचे दोन ते चार सेंटिमीटर उंचीचे गोलक घासून, त्यांना उभे आरपार भोक पाडून, अंगावर उलटे चित्र कोरीत. भोकातून दोरी ओवून गळ्यात किंवा मनगटात बाळगण्याची रीत होती. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकातही प्रत्येक बाबिलोनी माणसाजवळ एक मुद्रा आणि एक काठी असते असे लिहून ठेवले आहे, यावरून ही चाल किती दीर्घकाळ टिकली ते दिसते.

तिचा उपयोग कसा होई ते जवळून पाहण्यासारखे आहे. कोठाराचा कामदार तेलाच्या किंवा धान्याच्या रांजणाच्या तोंडावर कापड किंवा चामडे ताणून बसवी, त्याला गळ्याशी दोरीचे वेढे देई, आणि गाठीवर ओल्या मातीचा गोळा थापून त्यावरून आपली मुद्रा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवी. माती वाळली की गाठ सोडावयाची तर मोहर फोडावी लागे आणि मोहर फोडली की चोरी उघड होई. कोठीच्या दारालाही असेच करीत. दाराची दोरी भिंतीतल्या खुंटीला गुंडाळून तीवर मातीची मोहर लावीत. वाळलेल्या मातीच्या तुकड्याच्या पाठीमागे दोरीचा पीळ, कापडाची वीण, लाकडी खुंटीचा दाब हे सारे उमटून राहते, आणि चार-पाच हजार वर्षांनंतर पुरातत्त्वज्ञ तो तुकडा उलटा करून ही मोहर पोत्याची, रांजणाची की दाराची हे सांगू शकतो. चपट्या शिक्क्यापेक्षा गोलकाची सोय अशी की मातीचा पृष्ठभाग कितीही लांब असला तरी मुद्रा फिरवीत नेली की सारा झाकला जातो, मोकळी जागा राहत नाही, आणि मोकळी जागा नाही तेथे लबाडीला वाव नाही. आपल्या मोर्तबामागचा हेतू याहून निराळा नव्हता.

मुद्रा हरवणे हा त्या समाजात मोठाच अनर्थ होता. निप्पुर नगरातल्या एका मातीच्या पाटीवर अशी हकिकत आहे की एका व्यापाऱ्याची नावाची मुद्रा गहाळ झाली तेव्हा गावच्या दवंडीवाल्याने गल्लोगल्ली शिंग फुंकून ती खबर जाहीर केली, यासाठी की त्या मुद्रेच्या बळावर त्याच्याविरुद्ध कोणाला काही दावा सांगता येऊ नये. कागदाची जागा मातीने आणि शाईची जागा टाकाच्या टोचणीने घेतली होती एवढेच. बाकी हा सारा व्यवहार आपल्या कसब्यातल्या कुळकर्ण्याला समजावून सांगण्याचे कारण पडले नसते.

कलेच्या दृष्टीने पाहिले तर अक्कडच्या राजवटीत, म्हणजे इसवी सनापूर्वी २३०० च्या सुमारास, ही कला कळसास पोचली. ब्रिटिश म्युझियममध्ये अद्दा नावाच्या एका लेखकाची हिरव्या पाषाणाची जी मुद्रा आहे, तिची उंची चार सेंटिमीटरही भरत नाही. पण तेवढ्या जागेत दोन पर्वतांमधून हातातल्या करवतीने वाट कापीत वर येणारा सूर्यदेव शमश, पंख पसरलेली इश्तार, खांद्यांतून पाण्याचे दोन प्रवाह आणि त्यांत पोहणारे मासे वाहणारा जलदेव एआ, त्याचा दोन तोंडांचा सेवक, आणि धनुष्य घेतलेला एक देव, असे सारे मंडळ स्नायूंच्या उठावासह कोरलेले आहे. जमदग्नीच्या आश्रमातले अवघे चित्र एखाद्या अंगठीच्या खड्यावर उतरवावे, एवढे हे अवघड काम आहे. आणि ते उलटे कोरावयाचे असते, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे त्या अज्ञात कारागिराबद्दल आदर शतगुणित होतो.

या मुद्रांच्या शोधाशी मुंबईचा संबंध फार जुना आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत मुंबईस आलेला क्लॉडियस रिच याने १८०८ साली मुंबईचे रेकॉर्डर सर जेम्स मॅकिंटॉश यांच्या कन्येशी लग्न केले आणि लगेच बगदादच्या रेसिडेन्सीचा रस्ता धरला. तेथे त्याने जमविलेल्या हस्तलिखितांचा आणि पुराणवस्तूंचा संग्रह, ज्यात दंडगोल मुद्राही होत्या, त्याच्या मृत्यूनंतर १८२५ मध्ये ब्रिटिश म्युझियमने विकत घेतला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८२७ मध्ये, हेन्री रॉलिन्सन नावाचा कोवळा कॅडेट मुंबईच्या लष्करात दाखल झाला. येथेच त्याने फारसीचा पाया घातला आणि पुढे इराणात बेहिस्तूनच्या कड्यावर चढून दारयवहूच्या त्रैभाषिक लेखाचे ठसे घेऊन कीलाकृती लिपीचे कुलूप उघडण्यात मोठा वाटा उचलला. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयातही कीलाकृती लेखाची एक बाबिलोनी दंडगोल मुद्रा आहे.

लिपी उलगडल्यावर जे कळले त्यात आपल्याशी निगडित अशी एक गोष्ट होती. अक्कडचा सम्राट सर्गोन आपल्या लेखात अभिमानाने सांगतो की मेलुह्हा, मगन आणि दिल्मुन यांची गलबते आपल्या राजधानीच्या धक्क्याला लागतात. मगन म्हणजे ओमान, दिल्मुन म्हणजे बहारीन, आणि मेलुह्हा म्हणजे सिंधूचा प्रदेश, हे समीकरण आता बहुतेक विद्वानांना मान्य आहे. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात शू-इलिशू नावाच्या माणसाची दंडगोल मुद्रा आहे, आणि तिच्यावर त्याचा हुद्दा कोरला आहे: मेलुह्हाच्या भाषेचा दुभाष्या. सिंधूकाठची भाषा आज आपल्यापैकी कोणालाही वाचता येत नाही; पण ती येणारा, तिच्यावर उपजीविका करणारा एक माणूस चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी होऊन गेला आणि त्याची मुद्रा शाबूत आहे, या विचाराने मन हेलावल्यावाचून राहत नाही. तेल अस्मर येथे हेन्री फ्रँकफोर्ट यांच्या उत्खननात मिळालेल्या एका दंडगोल मुद्रेवर तर हत्ती, गेंडा आणि सुसर असे आपल्या नद्यांकाठचे प्राणीच एका रांगेत चालले आहेत.

व्यापार असा दोन्ही बाजूंनी चालत असल्यामुळे मुद्रांचे घाटही इकडून तिकडे फिरले. मोहेंजोदडोला काही थोड्या दंडगोल मुद्रा मिळाल्या. कालीबंगनला मिळालेल्या अशा मुद्रेवर भाले रोखलेले दोन योद्धे, त्यांच्या मध्ये एक स्त्री, आणि बाजूला वाघाच्या धडाची देवता असे अस्सल हिंदी विषयाचे दृश्य आहे. घाट परका, चित्र घरचे. लोथलला इराणी आखाताच्या धर्तीची गोल मुद्रा आणि वखारीत जळून भाजलेल्या मातीच्या मोहरा निघाल्या; त्यांच्या पाठीवर चटईचे आणि दोरीचे ठसे आहेत. लोथलचे उत्खनन ज्यांनी केले ते एस. आर. राव हेच पुढे १९७४ मध्ये दायमाबादला कुदळ घेऊन आले, ही गोष्ट योगायोगाची असली तरी मला अर्थपूर्ण वाटते.

दायमाबादची पांढर १९५८ मध्ये बी. पी. बोपर्डीकर यांच्या नजरेस आली. त्याच हंगामात मधुसूदन नरहर देशपांडे यांनी, मग १९७४ मध्ये राव यांनी आणि १९७५ पासून १९७९ पर्यंत एस. ए. साळी यांनी तेथे उत्खनन केले. सुमारे पाच मीटर जाडीच्या त्या थरांत, एकावर एक, पाच संस्कृतींचे अवशेष निघाले: तळाशी सावळदा, मग उत्तर हडप्पा, मग खास दायमाबाद, मग माळवा, आणि सर्वांत वर जोर्वे. यातला दुसरा थर महाराष्ट्राच्या इतिहासात क्रांतिकारक ठरला. सिंधू संस्कृतीचे लोक गुजरातपर्यंत आले होते हे ठाऊक होते; ते गोदावरीच्या खोऱ्यात येऊन वीस हेक्टर पसाऱ्याचे गाव वसवून राहिले होते हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. पण तेथे ४:२:१ या हडप्पाच्या ठरीव प्रमाणातल्या कच्च्या विटांनी बांधून काढलेली कबर निघाली, सिंधू लिपीतली अक्षरे असलेल्या दोन गुंडीच्या आकाराच्या मातीच्या मुद्रा निघाल्या आणि अक्षरे कोरलेली चार खापरे निघाली.

महाराष्ट्राच्या भूमीवरची ही पहिली लिखित अक्षरे. पुढच्या थरात ती नाहीत. माळव्याचे लोक आले, जोर्वेचे लोक नांदले, गाव वाढून तीस हेक्टरांवर गेले, त्याला बुरुजांसह मातीचा तट झाला, कुंभार, मणी घडविणारे, चुना भाजणारे यांची वेगवेगळी घरे झाली. पण लिपी गेली ती गेली. ती पुन्हा येण्यास अशोकाच्या काळापर्यंत वाट पाहावी लागली. अशा निरक्षर परंतु भरभराटीच्या गावात, इसवी सनापूर्वी १४०० ते १००० या दरम्यान, कोणीतरी ओलसर मातीचा गोलक करून त्यावर गाडी कोरली आणि तो भाजून काढला.

येथे एक आक्षेप हटकून येतो, आणि तो विचारी माणसांकडूनही ऐकू येतो, की जेथे लिहिणे नाही तेथे मुद्रेचे काय काम. म्हणून ही वस्तू एखादे खेळणे किंवा नक्षीचे साधन असावे. मला हा आक्षेप उरुकच्या इतिहासाकडे पाठ फिरवून केलेला वाटतो. उरुकला मुद्रा आधी आली आणि लेखन दोन-तीनशे वर्षांनी मागाहून आले. किंबहुना रांजण मोहरबंद करण्याच्या आणि जिन्नस मोजण्याच्या याच खटाटोपातून लेखनाचा जन्म झाला. हे माझे, ते तुझे, हे गावाचे, असा भेद जेथे धान्याच्या ढिगावर करावा लागतो तेथे मुद्रा लागते. तिला अक्षरांची गरज नाही.

असा भेद जोर्वेकालीन समाजात होता काय? याचे उत्तर भीमेच्या खोऱ्यात, पुण्याच्याच जिल्ह्यात मिळते. शिरूर तालुक्यात घोडनदीवर इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजचे हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांनी १९६८ पासून १९८३ पर्यंत तेथे उत्खनन करून या देशातल्या कोणत्याही ताम्रपाषाणयुगीन खेड्याचा नसेल इतका तपशीलवार संसार उघड केला. गावाच्या मध्यभागी पाच खोल्यांचे एक मोठे घर होते, आणि त्याला लागून धान्याचे कोठार होते, ज्यात गोल कणगी उभ्या करण्याचे ओटे आणि बळदे आढळली. नदीचे पाणी वळवून आणणारा पाट आणि त्याचा बांध हेही निघाले. ढवळीकरांनी त्यावरून असा निष्कर्ष काढला की हे घर गावच्या मुख्याचे आणि कोठार सार्वजनिक होते. शेतकरी आपल्या उत्पन्नाचा भाग तेथे आणून भरीत. म्हणजे वसूल होता, वसूल घेणारा होता, आणि भरलेले धान्य राखण्याची चिंताही होती. इनामगावच्याच एका भांड्यावर बैल जुंपलेल्या गाडीचे रेखाचित्र ओरखडलेले आहे. ते धान्य खळ्यावरून कोठारापर्यंत कशातून येई ते सांगावयास दुसरा साक्षीदार नको. दायमाबादच्या मुद्रेवर गाडीच का, याचे उत्तर मी याच संदर्भात शोधतो. गाडी हे त्या काळचे ऐश्वर्य होते, आणि ज्याच्या दारी गाडी त्याच्या हाती गावचा व्यवहार.

मुद्रेच्या घाटाचा आणि या विषयाचा मेळही विलक्षण साधला आहे. गोलक मातीवरून फिरवू लागले म्हणजे गाडी पुढे निघते, पुरा वेढा झाला की तीच गाडी पुन्हा येते, आणि फिरविणाऱ्याचा हात थांबेपर्यंत गाड्यांचा तांडा संपत नाही. चाकाचे चित्र चाकानेच उमटविण्याची ही कल्पना ज्याला सुचली तो सामान्य कारागीर नव्हता.

दायमाबादचे नाव जगभर गेले ते मात्र या मुद्रेमुळे नव्हे. १९७४ मध्ये झाडाचे खोड उपटताना तेथील एका आदिवासी शेतकऱ्याला चार भरीव धातुशिल्पे सापडली: दोन बैलांचा रथ हाकणारा उभा पुरुष, रेडा, हत्ती आणि गेंडा, चारही मिळून साठ किलोंहून अधिक वजनाची. त्यांच्या काळाविषयी विद्वानांत वाद झाला आणि तो अजून पुरता मिटलेला नाही. त्या वादात मला येथे शिरावयाचे नाही. परंतु धातूच्या झळाळीपुढे मातीची मुद्रा दुर्लक्षिली गेली, हे आपल्या विद्येचे नुकसान झाले असे मी समजतो. धातूचा रथ एखाद्या देवाच्या मिरवणुकीचा असेल. मुद्रा रोजच्या कारभाराची आहे, आणि समाज कसा चालत होता हे कारभाराच्या वस्तूच अधिक सांगतात.

इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास दायमाबाद उठले. पाऊस हटला, प्रवरा-गोदावरीच्या खोऱ्यातली गावे ओस पडली. भीमेच्या खोऱ्यात इनामगाव आणखी तीनशे वर्षे कसेबसे तग धरून राहिले. चौकोनी ऐसपैस घरे जाऊन गोल झोपड्या आल्या, रंगीत भांडी ओबडधोबड झाली, आणि अखेर तेही मोडले.

आता शेवटची गोष्ट, आणि ती चाकण-पिंपरी-चिंचवडच्या रहिवाशांना उद्देशून. पवना, इंद्रायणी, भामा या भीमेच्याच नद्या. तुमचा मुलूख इनामगावच्या खोऱ्यातच मोडतो. चाकणहून नाशिकच्या रस्त्याने उत्तरेस गेले की मंचरच्या परिसरात घोडनदीकाठी चांडोली लागते. शांताराम भालचंद्र देव आणि अन्सारी यांनी तेथे उत्खनन करून जोर्वेकालीन वस्ती उजेडात आणली, तांब्याची कट्यार आणि अळशीच्या धाग्यात ओवलेले तांब्याचे मणी काढले. चांडोली ज्या लोकांनी वसविली त्यांनी खेड आणि मावळच्या काळ्या मातीकडे पाठ केली असेल असे मानण्यास कारण नाही. आज याच तालुक्यांत गाड्यांच्या कारखान्यांसाठी माळ सपाट होत आहेत, नदीकाठी इमारतींचे पाये खणले जात आहेत, आणि एका यंत्राच्या एका फावड्यात जेवढी माती उचलली जाते तेवढी उत्खननकर्ता ब्रशने आठवडाभर झाडतो. तेव्हा मुकादम, ठेकेदार, जमीनमालक, सर्वांस विनंती अशी: पाया खणताना राखेचा पांढुरका थर लागला, लाल अंगावर काळ्या रेघांची नक्षी असलेली, नाण्यासारखी खणखणणारी खापरे निघाली, भांड्याची नळीसारखी तोटी हाती आली, तर काम घटकाभर थांबवा आणि येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात किंवा राज्याच्या पुरातत्त्व खात्यात वर्दी द्या. १८७८ चा निखात निधी कायदा अजून अमलात आहे आणि जमिनीत सापडलेल्या मोलाच्या पुराणवस्तूची खबर जिल्हाधिकाऱ्यांस देणे हे त्या कायद्याने तुमच्यावर बंधनकारक आहे. बोटाच्या पेराएवढा भाजका गोलक हाती लागला आणि त्यावर काही कोरलेले दिसले, तर तो धुऊ नका, घासू नका. जसा निघाला तसा मातीसकट कागदात गुंडाळा आणि कोणत्या खड्ड्यात किती खोलीवर निघाला ते त्याच दिवशी लिहून ठेवा.